चिठ्ठीतलं अक्षर

— बस गं, उभी काय राहतेस! उशीर झाला तर डॉक्टरांना सांग, दुकानदार बडबड्या आहे, सोडतच नव्हता — दातांच्या सगळ्या दवाखान्यांना ठाऊक आहे ते. आण चिठ्ठी. कापूस, हातमोजे, पाऱ्याची बाटली — पारा? सुटा? अगं, आता दाताच्या रंगाचं सिमेंट आलंय, निळ्या दिव्याखाली मिनिटात दगड होतं. चांदीच भरायची तर बंद कॅप्सूल आहे, यंत्रात घालायची, हात लावायचाच नाही. काय? डॉक्टरांना जुनंच बरं वाटतं? वाटणारच, पिळायला त्यांचे हात थोडेच लागतात!

शिकवलं कुणी तुला? आधीच्या बाईंनी. आणि त्यांना? मी! हसू नकोस — शाळा सातवीत सोडली, पण इथल्या निम्म्या मदतनीस माझ्या हाताखाली तयार झाल्यात. ह्याच टेबलावर खल मांडायचो. चांदीची पूड घाल, पारा घाल, घोट, मग तळहातावर घेऊन अंगठ्यानं मळ, मग मलमलच्या फडक्यात पीळ — जादा पारा थेंब थेंब गळतो. हातमोज्यानं अंदाज येत नाही म्हणायचो. मीच म्हणायचो. एकीनं अंगठी न काढता मळलं, सोन्याची पांढरीफटक झाली, सासूनं घर डोक्यावर घेतलं — काय हसलो होतो आम्ही!

सगळ्यांत आधी शिकवलं धाकट्या बहिणीला. सतरा वर्षं ती समोरच्या दवाखान्यात — खिडक्या बंद, पिळायचं काम तिच्याकडे. मालाची चिठ्ठीही तीच लिहायची. अक्षर असं, की छापखानेवाल्यानं लाजावं. चिठ्ठ्या मी तारेला टोचून ठेवतो, जुनी सवय. एकदा सहज तळापासून वर चाळत गेलो — आणि 'पारा'तले काने दिसले. तळाला सरळ, मध्ये वाकलेले, वरच्या चिठ्ठीत तर मुंगी शाईतून चालत गेल्यासारखे. तिचा नवरा म्हणायचा, चिडकी झालीय, हातातून भांडी टाकते. आई म्हणायची, नखरे. मला मात्र कळलं होतं — पाऱ्याच्या कंपनीचं पत्रक आलेलं, स्वच्छ लिहिलेलं, वाफ अंगात गेली की हात थरथरतात, विसर पडतो. वाचलं, घडी घातली, गल्ल्याखाली ठेवलं. आणि बाटली पाठवली. पुढं वर्षभर पाठवत राहिलो. का म्हणजे? एकीला सांगितलं असतं तर सगळ्यांना सांगावं लागलं असतं ना — शिकवणारा मीच!

आता पाण्याचा पेला मी धरतो तिच्या तोंडाशी. कधी 'दादा' म्हणते. कधी म्हणते, 'शेठ, बाटली द्या, डॉक्टर खोळंबलेत.'

जाऊ दे. तुला कशाला सांगतोय — नाही, थांब. ही चिठ्ठी तू लिहिलीस? चालत्या बसमध्ये? बरं. तीसुद्धा म्हणायची, घाईत लिहिली, दादा. हे घे पेन. टेबलावर कोपर टेक. सावकाश लिही, कापूस लिही, काहीही लिही, घाई नाही —

राहू दे. पुरे. ठेव ते पेन.

माल संपलाय. ती मागची बाटली? ती विकायची नाही. मोठ्या इस्पितळात जा, लघवीतला पारा तपासतात, आजच जा. डॉक्टरांना काय सांगायचं ते मी सांगतो. ऊठ. आणि चिठ्ठी इथंच राहू दे.