दोन्हीकडून कापलेला केस

—मान खाली घाला साहेब. अजून. हां, अशी. अन् काय म्हणलं तुम्ही आत्ता, सायन्स? केशवले सायन्सनं पकडलं म्हणता? वा! कोणी सांगतलं हो तुम्हाले, पेपरवाल्यायनं? त्यायनं तर माह्यं नाव बी धड छापलं नव्हतं, रामाजीचं रामराव करून टाकलं, अन् पेशा लिहिला 'दुकानदार'. दुकानदार! मी काय इथं साबण विकतो? न्हावी लिहायले शाई कमी पडली त्यायले. तीस वर्षं झाली या वाडीत कैची चालवून राहिलो, अमरावती रोडवर दिवसाले चार ट्रक थांबत होते तवापासून— आता पाहा, जिकडं तिकडं गोदामं. हालू नका, कानापाशी आहे मी. कपडा? कपड्याचं काय? धुतलेला आहे जी! ती आरशावरची पाटी वाचा ना— 'प्रत्येक गिऱ्हाइकास धुतलेला कपडा'. माह्याच हातची आहे. आत्ता ते भैयाजी उठून गेले म्हणून त्यायचाच कपडा तुम्हाले लावला, असं वाटलं काय? शिकलेले लोक असेच. बसल्या बसल्या संशय.

तर सायन्स. तुम्ही बाहेरगावचे दिसता म्हणून सांगतो, नाहीतर वाडीत कोणाले सांगायची गरज नाही. वामनराव म्हणून गोदामात कारकून होता, अन् केशव तिथंच हमाल. केशवचं वय चाळीस, पण डोकं पार पिकलेलं, अन् लग्न काही जमून राहिलं नव्हतं. शेवटी काटोलकडची एक पोरगी पाहायचं ठरलं, तर हा बाप्पा डोक्याले मेहंदी लावून आला— लाल भडक! मी म्हणलं, केशव, पोरगी पाहायले चालला का तिले भेवाडायले? हसला. दात लय चांगले होते त्याचे. आता याले पाहिजे होती एका दिवसाची सुट्टी, अन् वामनराव म्हणे, माल उतरायचा आहे, सुट्टी नाही. झालं, चार माणसायच्या समोर बोलून गेला— 'तुम्हाले पाहून घेईन.' तोंडाचा ढिला माणूस, दुसरं काही नाही. कापसाच्या गाठी उचलणारा हात, पण मांजरीले बी कधी मारलं नाही त्यानं. अन् दुसऱ्या दिवशी दुपारी वामनराव गाठींच्या मागं पडलेला सापडला. डोक्यात कोणीतरी लोखंडाचं काहीतरी घातलेलं. कोणी? मले काय माहीत कोणी! पोलिसायले बी माहीत नाही, अजूनही नाही. पण त्यायले केशव सापडला. सुट्टी न घेताच काटोलच्या गाडीत बसला होता ना, अन् पोरीच्या दारात पोचायच्या पहिलेच भेऊन अर्ध्या वाटेतून उतरून वापस आला, एकटाच. कोणी पाह्यलं नाही. असा माणूस पोलिसायले मागूनही भेटत नाही.

पण कोर्टाले पुरावा लागते. तो भेटला वामनरावच्या स्वेटरवर. जानेवारीचा गारठा, राखाडी स्वेटर, त्याच्या बायकोनं यमुताईनं विणलेलं— अन् त्याच्यावर पाच केस. लाल. मेहंदीचे. मग काय विचारता! पुडीत घातले, सील मारलं, लॅबमध्ये गेले, अन् सहा महिन्यानं तो लॅबवाला साहेब आला कोर्टात. काय त्याचा तोरा! मधोमध भांग, तोही वाकडा— मी पाहूनच ओळखलं, घरीच आरशात पाहून स्वतः कापून घेते हा— असा माणूस दुसऱ्याच्या केसायवर बोलणार! म्हणे, मी दुर्बिणीतून पाह्यलं, रंग पाह्यला, जाडी पाह्यली, केसाच्या आतली नळी पाह्यली, अन् आरोपीच्या केसायशी साम्य आहे. साम्य! अरे, वाडीत मेहंदीवाले वीस असतील, त्या सगळ्यायचं साम्य आहे! हे बी खरं आहे, की हे याच माणसाचे आहेत असं मी सांगू शकत नाही, असं बी तो म्हणला होता. पण इतक्या हळू म्हणला, की त्याच्या बाजूच्या पट्टेवाल्याले तरी ऐकू आलं का, मले शंका आहे. अन् मग कागदाकडं पाहून काय म्हणला माहीत आहे? 'मुळं आढळली नाहीत. केस दोन्ही टोकांना कैचीनं कापलेले आहेत.'

दोन्ही टोकांना! मी तिथंच हसलो साहेब. पट्टेवाल्यानं डोळे वटारले. पण हसू नको तर काय करू? हे पाहा, हा तुमचाच केस— मारामारीत उपटला, तर त्याले खाली पांढरं बोंड राहते, मूळ. आपोआप गळला तरी राहते. अन् दोन्हीकडून कापलेला तुकडा या दुनियेत एकाच जागी पडते— न्हाव्याच्या हाताखाली. कंगव्यावर कैची चालली की एकाच केसाचे दोन दोन तुकडे होतात. दूधपितं पोरगं सांगीन न्हाव्याचं. त्या लॅबवाल्याले दिसलं बी, लिहिलं बी, अन् समजलं काही नाही. इतकी महागाची दुर्बीण, अन् अक्कल मात्र घरी विसरला.

पण सरकारी वकील लबाड! लगेच उठला— म्हणे, बरोबर आहे, आरोपीनं त्या दिवशी सकाळीच कटिंग केली होती, कापलेले तुकडे त्याच्या मानेवर राहिले होते, झटापटीत ते वामनरावच्या अंगावर पडले. अन् जजसाहेब मान डोलवून राहिले! आता मले सांगा, तुम्ही इथून कटिंग करून घरी गेले तर तुमची आई तुम्हाले चुलीपाशी जाऊ देईन? आंघोळ केल्याशिवाय कोणत्या वस्तूले हात लावू देईन? अन् केशव तर पोरगी पाहायले चालला होता! तो समोरचा हापसा दिसते ना? तिथं बसून न्हाला तो, लाल साबण लावून, डोकं घसघसून घसघसून, थंडीनं दात वाजून राहिले होते त्याचे. मी याच खुर्चीपासून पाह्यलं. त्याच्या मानेवर तुकडा कुठून राहीन हो? सारे नालीत गेले. त्या कोर्टात इतकी माणसं— जज, वकील, पोलीस, कारकून— सारे कटिंग करणारे, सारे घरी जाऊन न्हाणारे, अन् एकाच्या बी डोक्यात आलं नाही. डोकी नुसती टोप्या ठेवायले!

मी काहून नाही सांगतलं? मले कोणी विचारलं? साक्षीदारानं विचारलं तेवढं सांगावं, पोलिसायनं बजावून ठेवलं होतं. केशव आला होता का? आला होता. कटिंग केली का? केली. आता न्हाला का, असं कोणी विचारतच नाही तर मी काय मधातच हात वर करू, शाळेतल्या पोट्ट्यावानी? मग उठला केशवचा वकील. सरकारनं फुकट दिलेला, कोटाचं एक बटन तुटलेलं. विचारलं, वामनराव बी त्या सकाळी तुमच्याकडं आले होते का? आले होते, दाढीले. केशवच्या नंतर? लगेच नंतर. इथपर्यंत बरोबर चालला होता बिचारा, मी मनात म्हणलं, एकाच्या तरी डोक्यात उजेड पडून राहिला. अन् पुढं काय विचारावं त्या गाढवानं? 'तुम्ही एका गिऱ्हाइकाचा घाणेरडा कपडा दुसऱ्या गिऱ्हाइकाले लावता का?' घाणेरडा! भरल्या कोर्टात! अरे, नीट विचारता येत नव्हतं? रामाजी, घाईगर्दीत कधी असं होते का, असं गोडीनं विचारलं असतं तर— अन् मागच्या बाकावर कोण बसलं होतं? गोपाळराव. समोरचं ते पंखेवालं सलून त्याचंच, फिरत्या खुर्चीचं. आधीच गावभर सांगत फिरते की रामाजीच्या दुकानात खरूज भेटते. कान टवकारून बसला होता, माह्या तोंडातून एक शब्द निघाला की संध्याकाळपर्यंत साऱ्या वाडीत. तुम्ही असते तर काय केलं असतं? मी म्हणलं, छाती पुढं काढून म्हणलं— माह्या दुकानात प्रत्येक गिऱ्हाइकाले धुतलेला कपडा, तीस वर्षांत फरक नाही, वाटलं तर पाटी येऊन पाहा. जजसाहेबानं लिहून घेतलं. वकील खाली बसला. केशवकडं मी पाह्यलं नाही. जन्मठेप झाली त्याले. गोपाळरावचं तोंड पाहण्यासारखं झालं होतं.

खोटं? कोण म्हणून राहिलं खोटं? धुतलेलाच असते कपडा— सकाळी. सकाळी धुतलेलाच असते ना! दोन तर कपडे आहेत, जानेवारीत ते वाळते कधी, अन् हापशावर बायायची ही रांग. दर माणसामागं धुतला तर दुकान बंद करून धोबीघाट काढावा लागीन. पाटी म्हणजे पाटी असते हो, दुकानावर लिहायची गोष्ट. झटकतो ना मी! त्या दिवशी बी झटकला असंन. असंन म्हणजे— वामनराव दारातूनच ओरडत आला, ड्यूटी, ड्यूटी, लवकर कर गा. केशव उठला, तो बसला, दोघायनं एकमेकांकडं पाह्यलं बी नाही, कालचं भांडण. मले वाटलं इथंच जुंपते काय, म्हणून लवकर लवकर केलं. कपडा हातातच होता. हातातला कपडा माणूस लावूनच देते, हाताले सवय असते. अन् लोकरीवर तुकडा असा बसते साहेब, की ब्रशनं बी निघत नाही. अन् वामनरावची नुसती दाढी. दाढी केल्यावर कोण न्हाते? तसाच गेला ड्यूटीवर. केशवचे केस गळ्यात घेऊन.

दाराकडं काय पाहून राहिले? मान सरळ ठेवा.

बाहेर पायरीवर बसली आहे ना ती म्हातारी, ती केशवची माय. जिजाबाई. जेलात भेटीचा दिवस असला की भेट घेऊन सरळ इथं येते, बसते, अन् शेवटच्या गाडीच्या आधी उठून जाते. तीन वर्षं झाली. लोकायले मी सांगतो, सावली आहे म्हणून बसते. सावली काय साऱ्या वाडीत माह्याच दारात आहे? एकदाच बोलली, पहिल्या वर्षी— 'रामाजी भाऊ, त्या दिवशी कपडा झटकला होता ना गा?' बस, इतकंच. ना दुर्बीण, ना कागद, अंगठा उठवणारी बाई, अन् नेमकं तिथंच बोट ठेवलं. जे साऱ्या कोर्टाले सुचलं नाही ते. मी काय म्हणलं? मी म्हणलं, बाई, कामाच्या वेळेले बोलू नका. असं म्हणलं मी तिले. पण आता काय करता, एकदा लिहिलं गेलं ते गेलं. रामाजी खोटा बोलला म्हणून सांगत फिरू? माह्याकडं कोण येईन मग, सारे पंख्याखाली जाऊन बसतील.

चला, झालं तुमचं. उठा. पाहा आरशात, मागून बी पाहा. अशी कटिंग नागपूरच्या धरमपेठेत भेटणार नाही. काय पाहून राहिले? शर्टावर? कुठं? पांढरे— असतील एकदोन. निळ्या शर्टावर जास्त दिसतात, त्याले काय. तुमचेच असतील. काळे आहेत तुमचे? हो, काळे आहेत. मग ते भैयाजीचे— थांबा, ब्रश मारतो, एक मिनिट— हात काहून धरला माहा? सोडा. कागद कशाले काढून राहिले खिशातून? पुडी कशाची करता? ओ साहेब! कोण तुम्ही? केशवचं अपील लागलं हायकोर्टात, त्याचे वकील? म्हणून मघापासून सायन्स, सायन्स चालू होतं होय! अन् मी बसलो पोपटावानी बोलत. जिजाबाई! हा माणूस तुम्ही आणला का वं? पाहा, वर बी पाहत नाही. पदर तोंडाले लावून बसली.

मी येणार नाही कोर्टात, सांगून ठेवतो. समन्स काढा, काही काढा. निघा. दुकान बंद आहे. जा, ते गोपाळरावच्या खुर्चीत बसा अन्— अहो, बोटानं नका धरू! बोटानं धरलं की टोक चुरते, मग तो तुमचा लॅबवाला काय पाहीन, कपाळ? इतके शिकले, अन् एक केस उचलता येत नाही. हा घ्या चिमटा. अन् समोर काय शोधून राहिले, समोर नसतात. कॉलर उलटी करा, मागची. तिथं कपडा खोचतो मी. आतून पाहा, शिलाईत. वामनरावच्या स्वेटरले बी तिथंच असतील, गळ्यापाशी, आतून. झटापटीत पडलेले केस कॉलरच्या आत जात नाहीत, हे विचारा म्हणा त्या साहेबाले. भेटले? किती आहेत? घ्या सारे. चिमटा फळीवर ठेवा अन् निघा आता.