पाच मिनिटांतलं उदाहरण

अंजनाबाई : बसा आधी. माफी मागाले एवढ्या दूर आले, आन दारातच उभे?

कय्यूम : बसतो, बाई. पन आधी ऐकून घ्या. मी रेडिओवर तुमच्या संघपालचं नाव नव्हतं घेतलं. कसम से. 'सुनील' म्हनलं होतं मी.

संघप्रिया : नाव बदललं तुम्ही, कय्यूमभाऊ. आणि बाकीचं? 'पोंभुर्ण्याकडचं एक खेडं. विहाराच्या मागे टिनाचं घर. आई अंगणवाडीत मदतनीस. मोठी बहीण डी.एड. करते.' पोस्टमनलेही एवढा पत्ता लागत नाही.

कय्यूम : चूक झाली.

संघप्रिया : ह्या गावात अंगणवाडी एक. मदतनीस एक. डी.एड.ले गेलेली पोरगी एक.

कय्यूम : झाली ना चूक. तुमचं पोस्टकार्ड रेडिओवाल्यांनी मले दवाखान्यात आनून देल्लं. शिपायासमोर वाचलं मी. आज सुट्टी टाकली आन आलो.

अंजनाबाई : प्रियानं पोस्टकार्ड टाकलं? मले नाई सांगतलं!

संघप्रिया : काय सांगायचं होतं? तू तर तीन दिवस बोललीच नाहीस कोणाशी.

अंजनाबाई : बोलू कोन्या तोंडानं? तुमाले माईत नाई, कय्यूमभाऊ, त्या दिवशी मीच रेडिओत नवे सेल टाकले. मीच विहाराच्या ओट्यावर नेऊन ठेवला. बचत गटाच्या साऱ्या बायका बोलावल्या. म्हनलं, आमच्या संघपालचं रक्त तपासनारे भाऊ आज रेडिओवर बोलनार हायेत, सिकलसेलवर, आइका साऱ्याजनी. आन त्याच दिवशी नागभीडचे पाहुने आले होते, प्रियाच्या साक्षगंधाची तारीख काढाले. ते निघाले, तर मीच थांबवलं त्याइले. म्हनलं, चहा घ्या, भाषन आइका, मंग जा. पाच मिन्टाचं त हाये.

कय्यूम : या अल्ला.

अंजनाबाई : पहिलं मिनिट मी अशी मान वर करून बसली होती. ओळखीचा मानूस ना! मंग तुमी म्हनले, 'गाव म्हणतं पोरगा काविळीनं गेला, पण ती कावीळ नव्हती.' तवा साऱ्या बायका माह्याकडे पाहाले लागल्या. पाहुन्याइनं कपबशी खाली ठेवली. रेडिओ बंद करावा त सारे म्हनतीन, हिचंच घर हाये. नाई करावा त तुमी बोलूनच राह्यले.

कय्यूम : बाई, मी बहाना नाई देत. झालं कसं, तेवढं सांगतो. मी पयले कागद लिहून नेला होता. रक्तातली पेशी गोल असते, ह्या बिमारीत ती विळ्यासारखी होते, असं सारं. रेडिओवरच्या मॅडम म्हनल्या, कय्यूमजी, कोरडं आहे, एखादं उदाहरण द्या, लोक उदाहरण ऐकतात. मले संघपालच आठवला. चौदा वर्षांचं पोरगं, सांधे धरून रडायचं, आन मी सुई घेऊन आलो का मलेच म्हनायचं, काका, तुम्ही घाबरू नका.

अंजनाबाई : म्हनायचा. मलेही म्हनायचा.

कय्यूम : तेच मी माइकसमोर सांगाले लागलो. काचेपलीकडचे लोक काम थांबवून पाहून राह्यले होते. आन बाई, हेच सांगाले आलो मी. मले ते आवडलं. वीस वर्षांपासून मी खिडकीआडून रक्त घेतो, कोनी माझ्या तोंडाकडे पाहत नाई. त्या दिवशी सारे ऐकत होते. म्हनून लांबवलं. घर सांगतलं, टिन सांगतलं, बहीण सांगतली. गरज नव्हती. मले पाहिजे होतं म्हनून सांगतलं.

संघप्रिया : आणि शेवटचं वाक्य?

कय्यूम : कोनतं?

संघप्रिया : तुम्ही म्हणालात, 'लग्नाआधी रक्त तपासा. भावाला सिकलसेल असेल तर बहीण वाहक असू शकते.' आणि धन्यवाद म्हणून टाकलं. मी वाहक आहे, हे तुम्हीच मले दोन वर्षांपूर्वी सांगितलं होतं. तेव्हा हेही सांगितलं होतं की वाहक म्हणजे आजारी नाही. समोरचा निरोगी असला तर पोरांले ही बिमारी होत नाही. दोघंही वाहक असले तरच भीती. ते कुठी गेलं?

कय्यूम : कागदावर होतं. खालच्या चार ओळी. मॅडमनं काचेतून बोट वर केलं, अर्धं मिनिट उरलं. मी संघपालमध्ये गुंतलो होतो. वेळ संपली.

संघप्रिया : लोकांनी अर्धंच ऐकलं. आता ह्या आळीत मले कोणी विचारते, बाई, तुझं पाणी प्यालं त चालते ना?

कय्यूम : असं म्हनतात?

संघप्रिया : म्हणतात. डी.एड.च्या मैत्रिणीही म्हणतात, आणि त्या उद्या मास्तरणी होणार.

अंजनाबाई : त्याइले एकट्याइलेच काऊन बोलतं, पोरी? मीही त खोटं बोलली. पाहुन्याइनं पयल्याच दिवशी विचारलं होतं, पोरगा कशानं गेला? मी म्हनलं, कावीळ. डोये पिवळेच झाले होते ना त्याचे, म्हनून तोंडातून निंघून गेलं. कय्यूमभाऊ, तुमी खरं बोलून माह्या पोरीचं वाटोळं केलं, आन मी खोटं बोलून. झोपच येत नाई. पोरगा मेला त मेला, मेल्यावर त्याची बिमारीही लपवली मी. जसा काई त्यानं गुन्हा केला होता.

कय्यूम : बाई, तुमचं खोटं चार भिंतीत होतं. माझं खरं तीन जिल्ह्यांत गेलं.

अंजनाबाई : मंग आता करा ना काई! नुसतं रडून काय होते?

कय्यूम : करतो. तेच करायले आलो. उद्या सकाळच्या गाडीनं मी स्वतः नागभीडले जातो. पोराच्या बापासमोर बसतो, चित्र काढून समजावतो. पोराचं रक्त मी तिथीच घेतो. तो साफ निंघाला त ह्या लग्नात काहीच धोका नाई, असं लिहून देतो. पाया पडायचं काम पडलं तर पडतो. पत्ता द्या मले.

अंजनाबाई : खरंच जाता?

कय्यूम : माझी जबान आहे, बाई. कोन आहे पोरगा?

अंजनाबाई : पत्रूजी रामटेक्याचा. टेसनाजवळ सायकलीचं दुकान हाये त्याइचं. पोराचं नाव धम्मदीप. उंच हाये, डाव्या भिवईवर खोक हाये जुनी. चांगला हाये जी पोरगा, मान खाली घालून बोलते.

कय्यूम : धम्मदीप.

अंजनाबाई : हो. धम्मदीप पत्रू रामटेके. लिहून घ्या ना. पेन देऊ?

कय्यूम : नको. बाई, थोडं पानी भेटंल काय?

अंजनाबाई : पानी काय, चहाच ठेवते. गुळाचा चालते ना? आता जीव थंडा झाला माहा. बस, प्रिया, भाऊशी बोल.

(अंजनाबाई आत जाते. आतून स्टोव्हला पंप मारल्याचा आवाज.)

संघप्रिया : कय्यूमभाऊ, तुमचा चेहरा उतरला.

कय्यूम : उन्हातून आलो ना. बसमध्ये उभाच होतो.

संघप्रिया : एक विचारू? भाषणानंतर लगेच नव्हतं मोडलं त्यांनी. धम्मदीपचा एसटीडीवर फोन आला होता मले. म्हणाला, बाबा चिडले आहेत, पण मी रक्त तपासून घेतो. माझं साफ निघालं त बाबाले मनवतो. मीच सांगितलं, चंद्रपूरले कय्यूमभाऊकडेच जा. सोमवारी जातो म्हणाला. रिपोर्ट बुधवारी भेटते, मले माहीत आहे. गुरुवारी निरोप आला की संबंध मोडला. फोन नाही, चिठ्ठी नाही. नुसता निरोप, 'रेडिओवर ऐकलं तेवढं पुरं.'

कय्यूम : हं.

संघप्रिया : तो आला होता?

कय्यूम : बेटा, सोमवारी भीड असते. साठ-सत्तर लोक.

संघप्रिया : भिवईवर खोक असलेला एकच असंल.

कय्यूम : मले हे नको विचारू.

संघप्रिया : माझं तुम्ही तीन जिल्ह्यांले सांगितलं. त्याचं मले एकटीले नाही सांगणार?

कय्यूम : तुझं सांगतलं, म्हनूनच नाई सांगनार. खिडकीशी कोन आलं, कोन नाई आलं, कोनाच्या कागदावर काय निंघालं, हे आता माझ्या तोंडून कोनालेच कळनार नाई. तुलेही नाई. मार पाहिजे तर मले.

संघप्रिया : नुसतं 'नाही आला' म्हणा. तेवढं त म्हणता येईल?

कय्यूम : ...

संघप्रिया : आला नसता त तुम्ही म्हटलं असतं. साफ निघाला असता त आत्ताच पेन घेतला असता आईच्या हातून. उद्याची गाडीही धरली असती.

कय्यूम : मी काहीच सांगतलं नाई, बेटा.

संघप्रिया : नाही. तुम्ही काहीच सांगितलं नाही.

कय्यूम : गप्प बसनंही येत नाई मले. तेही बोलूनच गेलं.

संघप्रिया : रडू नका, आई येईल. मग बरंच झालं ना? आम्ही दोघंही तसेच असलो, तर संघपालसारखंच एखादं आलं असतं आमच्या घरी. रात्रभर सांधे धरून. मी पाहिलं आहे ते, पुन्हा नाही पाहू शकत. लग्न मोडलं त्याचं नाही लागलं मले, भाऊ. त्यानं माझ्या एकटीवर ढकललं, ते लागलं. 'आपलं दोघांचं सारखंच आहे, म्हणून नको,' असं म्हटला असता, त मी त्याले बसमध्ये बसवून दिलं असतं, हसून.

कय्यूम : घाबरला असंल. बापाले, गावाले... मी कोनाचं नाव नाई घेत.

संघप्रिया : मीही घाबरली होती, रिपोर्ट पाहून. तेव्हा तुम्ही मले बिस्कीट देल्लं होतं.

कय्यूम : मंग बाईले सांग ना तू. मी नाई सांगू शकत, पन तुझा अंदाज तर तुझा आहे. निदान तुझ्यावरचा बट्टा...

संघप्रिया : आईले सांगितलं त उद्या सकाळी अंगणवाडीत साऱ्यांले माहीत होईल. रागात बोलून जाईल ती, मन हलकं कराले. मग नागभीडले कोणीतरी त्याच्या हातचं पाणी नाकारंल. नको. तुम्ही रेडिओवर जे केलं, ते मी करणार नाही.

अंजनाबाई : घ्या, चहा घ्या. आलं टाकलं हाये. मंग, पहाटची गाडी धरता का नवाची? मी पत्रूजीच्या घरवालीसाठी मोहाचे लाडू बांधून देते.

कय्यूम : बाई, मी नाई जात नागभीडले.

अंजनाबाई : आँ?

कय्यूम : नाई जाऊ शकत.

अंजनाबाई : आत्ता त जबान देल्ली होती तुमी! स्टोव्हवर आधन येते ना येते, तवर फिरले?

संघप्रिया : आई, राहू दे.

अंजनाबाई : काऊन राहू देऊ? रेडिओवर साऱ्या दुनियेले सांगाले तोंड हाये ह्याइले, एका सायकलवाल्यासमोर बसाले नाई? डोयातून पानी काढाले आले होते फक्त? सांगा ना, काऊन नाई जात?

कय्यूम : कारण नाई सांगता येत, बाई.

अंजनाबाई : मंग मी गावाले काय सांगू? माह्या पोरीचं लग्न तुमच्यानं मोडलं, असंच सांगू?

कय्यूम : तसंच सांगा.

अंजनाबाई : विहाराच्या ओट्यावर सांगीन. नाव घेऊन सांगीन!

कय्यूम : पूर्ण नाव घ्या, बाई. कय्यूम शेख. दवाखान्याचंही सांगा.

अंजनाबाई : पाह्यलं, प्रिया? लाज नाई, शरम नाई. आन मी ह्याच्यासाठी आलं किसत होती.

संघप्रिया : चहा घ्या, कय्यूमभाऊ, थंडा होऊन राह्यला. मग मी येते तुमच्यासोबत, बसथांब्यापर्यंत.

अंजनाबाई : ह्या मानसासोबत? भर दिवसा, साऱ्या आळीतून? सारं गाव पाहीन!

संघप्रिया : पाहू दे.