कोनाड्यातली बेडकी

हसायचं तर हसा, पण आधी चहा संपवा, नाहीतर ठसका लागेल.

आमच्या मालकांनी सायकलच्या ट्यूबची पोकळ बेडकी केली होती, पोटाखाली गळ लावून. पाण्यावरून ओढली की मरळ मासळी खालून झडप घालायची. एकदा धरणात जिथं आमचं जुनं घर बुडालंय, नेमकी तिथंच टाकायला निघाले.

सासूबाई म्हणाल्या, "आपल्या घरावर गळ टाकू नये रं."

ऐकतंय कोण! टाकली तशी बेडकी गडप झाली. दोरी मनगटाला बांधलेली, मालक गळ्यापर्यंत पाण्यात ओढले गेले. म्या एका हातानं धोतर धरलं, दुसऱ्या हातानं कमरेचा विळा मारून दोरी तोडली.

"केवढी मरळ गेली!" हे मालक.

"मरळ गेली, तुमी ऱ्हायलात, ते बघा!"

उन्हाळ्यात पाणी ओसरल्यावर आमी घर बघायला गेलो. भिंतीच्या कोनाड्यात तीच बेडकी बसलेली, तोंड दाराकडं. दोरी नीट गुंडाळलेली.

माझे सासरे धरण भरायच्या आधी त्याच घरात वारले होते. सासूबाईंनी डोक्यावरचा पदर पुढं ओढला आणि हळूच म्हणाल्या, "दोरी दिसली की गुंडाळून कोनाड्यात. ह्यांची सवय अजून गेली न्हाई."