शंभर भरले

मंडळी, आत या. लेकराईला पुढं घेऊन दाटीवाटीनं बसा, पन आतच बसा. दाराशी कोनी थांबू नका, रस्त्यावरून दिसतं.

माझ्याच्यानं बोलनं व्हत न्हाई. सभेत मी कधी उभा राहिलो न्हाई. मेंढरामागं जे काय बोललो तेवढंच. त्यात आजचं हे. कोनी बंदूकवाला आलाच तर सांगायचं, देवराव गुरुजींच्या दहाव्याला जमलो. खोटंबी न्हाई ते. आज दहावाच हाय ना त्याईचा? तरीबी भ्या वाटतं. घरातून निघताना बायको म्हनली, "तुमी काहून बोलता? दुसरं कोनी न्हाई का?" न्हाई ना. दुसरं कोनी तयार झालं न्हाई.

डोंगरकड्याहून, बाळापुराहून पाव्हनी मंडळी आलीत. त्याईला नीट सांगतो. मी सोपान. मेंढरं राखतो, थोडं कोरडवाहू हाय. माझी सोनी गुरुजींच्या शाळंत पहिलीला हाय. तिकडं इंग्रज गेला म्हनतात, पन आपल्याकडं अजून निजामीच हाय, आन गावोगाव हे बंदूकवाले फिरून राहिलेत. अशात ह्या मानसानं मारुतीच्या पडवीत मराठी शाळा चालवली. लहानी लहानी लेकरं, शेंबूड पुसायचं ध्यान न्हाई अशी.

एक दिवस गुरुजी मला म्हनले, "सोपानराव, परवा शाळेचा शंभरावा दिवस. प्रत्येक मुलानं घरून शंभर वस्तू आणायच्या. आपण सण करू." म्या म्हनलं, "गुरुजी, शाळंचा कसला आला सण?" तर हासले. म्हनले, "या दिवसांत मुलं शंभर दिवस शाळेत टिकली. मला तर दिवाळीच वाटते."

मग काय सांगू! कोनी चिंचोके आनले, कोनी करडी, कोनी सरकी. एकानं जोंधळे आनले ते निम्मे वाटंतच खाल्ले. आन माझ्या सोनीनं काय न्यावं? लेंड्या! शेळीच्या वाळल्या लेंड्या, फडक्यात बांधून. तिच्या आईनं कपाळ बडवून घेतलं. गुरुजींनी नाक मुरडलं का? न्हाई. मांडी घालून तिच्यासंगं बसले, आन सोताच्या हातानं दहा-दहाचे ढीग लावले. एक कमी पडली तर पोरगी शेळीमागं पळाली. हासू नका. हासा, हासा, पन हळू.

ती शेवटची ठिवली आन सोनी वरडली, "शंभर भरले!" झालं. सारी लेकरं वरडाय लागली. "शंभर भरले! शंभर भरले!" डब्यात चिंचोके वाजवत निघाली गल्लीनं. सोनी पुढं. गुरुजी मागून, हातात राहिलेल्या पाट्या घेऊन.

चावडीवर त्या दिवशी बंदूकवाले उतरले व्हते, मंडळी.

त्याईच्या म्होरक्यानं आपल्या गावच्या शिपायाला इचारलं, "क्या बोल रहे रे ये बच्चे?" आता तुमीच सांगा. "तुझे शंभर भरले" असं आपन कोनाला म्हनतो? किसनदेवानं शिशुपालाला म्हनलं, त्याला! ज्याचं मरन जवळ आलं त्याला! शिपायानं तेच सांगितलं, बराबर तेच. त्याला मी नाव ठिवत न्हाई. छातीशी बंदूक असली का मानूस इचार करत न्हाई. मीबी तेच सांगितलं असतं.

म्होरक्या उठला. "किसने सिखाया?" त्याची नजर सोनीवर. मी पाराआड उभा व्हतो. पुढं झालो न्हाई. तवर गुरुजी लेकराईच्या पुढं येऊन उभे. म्हनले, "मी शिकवलं." त्याईलाच धरून नेलं.

त्याईनं शिकवलं नव्हतं. तुमाला ठाऊक हाय, मला ठाऊक हाय.

पंधरवड्यानं गाडीत घालून आनून टाकले. खोकला, रगत. म्या इचारलं, "गुरुजी, लई तकलीफ दिली का?" तर म्हनले, "एकच विचारत होते, शंभर कुणाचे भरले. मी म्हणालो, दिवसांचे. त्यांना पटेना." मग माझं मनगट धरलं. "सोपानराव, मुलांना कळू देऊ नका मला का नेलं ते."

त्याच राती गेले गुरुजी. लेकराईला सांगितलं न्हाई, पन कळलं. लेकराईपासून काय लपतं? संध्याकाळी मेंढरं वाड्यात घालताना मोजत बसनारी माझी सोनी आता मोजत न्हाई. बोलतबी न्हाई. काल भाकर खाता खाता एवढंच म्हनली, "बा, आमी वरडलो म्हनून गुरुजींचे भरले का?"

"न्हाई गं बाई" म्हनलं. तिला पटलं न्हाई. तुमच्या घरी काय चाललंय? तुमचीबी गप झालीत ना? रामजीचं पोरगं तर तोंडावर हात ठिवून झोपतं. मंडळी, बंदुकीचं भ्या मला हाय. लई हाय. पन ते बंदूक गेल्यावर जाईल. लेकराच्या मनात बसलं, का आपन बोललो तर मानूस मरतं, तर ते कोन काढील?

म्हनून आज घरी गेल्यावर लेकराला मांडीवर घ्या, आन सांगा. तुझ्या बोलन्यानं न्हाई गेले गुरुजी. मारनाऱ्यानं मारलं. एकदा सांगून पटनार न्हाई. रोज सांगा.

आता उभं राहू. गुरुजींसाठी थोडा येळ गप राहू. पन आपन मोठ्यांनीच. लेकरंहो, तुमी गप राहायचं न्हाई. रडा, भांडा, हाका मारा, काय वाटंल ते बोला. कोनी मरत न्हाई त्यानं.

सोनी, ये, माझ्यापाशी उभी राहा. बोल, बाई. कायबी बोल. आमी सारे ऐकून राहिलो.