सिगारचं मिटलेलं टोक

पवनीच्या बसस्थानकावर लाखांदूरच्या गाडीसाठी धुरपताबाई रांगेत उभी होती. चाळीस वर्षं बिड्या वळून तिची नखं झिजली होती, कान मात्र अजून शाबूत होते. तिच्या मागंच दोन पोरं बोलत होती.

"धर्मेंद्र, तू नागपूरच्या सिगार क्लबात गेलता म्हने?"

"मेंबर झालो ना, अमर. मोठमोठे लोक येतेत तिथं. एक सिगार दीड तास चालते."

"दीड तासात आमच्या वावराचा बांध घालून होते."

"तुले नाई समजत. थे ओढाचं नसते, चाखाचं असते."

"मंग चाखलं काय तू?"

"पहिल्याच दिवशी घोळ झाला. मी मिटलेलं टोक पेटवलं."

"बीडीचं तसंच तं पेटवतेत."

"सिगारचं मिटलेलं टोक कापून तोंडात धरतेत, लेका! सारे हासले."

"अन् तू?"

"मीबी हासलो. एकानं इचारलं, हे कुठं शिकला? म्हटलं, आमच्या घरचा नोकर बीडी पेते, त्याले पाहून."

"तुमच्या घरी नोकर कधी आला बे?"

"मंग काय, तिथं बाबाचं नाव सांगू?"

गाडी लागली. धुरपताबाईनं पिशवी उचलली, वळून धर्मेंद्रकडे पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं आणि त्याला वाट करून दिली.

"चढ बापू, तू पयले चढ. अन् ज्या नोकराच्या घरी तू राहतं, त्याले माहा रामराम सांगजो."