तिसऱ्या माळ्यावरचा ट्रॅक्टर

चूक अण्णांची. शंभर टक्के अण्णांची, माझं नाव मध्ये घ्यायचं नाही! अण्णा म्हणजे रामदास अण्णा, माझे मोठे काका, वय वर्षं चौऱ्याहत्तर, राहणार आमच्याच खोलीत, लालबाग, तिसरा माळा, आणि झोपणार खिडकीखाली, जिथे वारा येतो तिथे... आम्ही बाकीचे तिघं उरलेल्या जागेत. आता तुम्ही म्हणाल, म्हातारा माणूस आहे, जाऊ दे की रे वैभव. जाऊ दे काय जाऊ दे? मला एक साधा ट्रॅक्टर घ्यायचा होता हो! मोठासुद्धा नाही. छोटा. मिनी!

तुम्हाला सांगतो, डिप्लोमा मी दुसऱ्या वर्षाला सोडला, ते एक घरात सगळ्यांना पाठ आहे, पाहुणा आला की चहाच्या आधी तेच देतात. पण गावाला, कणकवलीच्या पुढे, आमची तीन एकर जमीन पडीक पडलीय, रान माजलंय, ते कोणाला दिसत नाही. मी म्हटलं, मी जातो. भात लावतो, कलिंगड लावतो, आणि वाडीत कोणाकडे बैल उरलेत? सगळ्यांची नांगरणी मी ट्रॅक्टरने करीन. कागदावर सगळं मांडलं, डिझेलसकट! आणि खरं सांगू? दहा बाय बाराच्या खोलीतून, अण्णांच्या घोरण्यातून, 'मेल्या, पंखो बंद कर'मधून कायमची सुटका. पण जमीन सामाईक. सातबाऱ्यावर चार नावं... अण्णा, जयवंत तात्या, माझे बाबा आणि अंबिका आत्या. चौघांच्या सह्या झाल्याशिवाय कर्जाचा फॉर्म पुढे सरकत नाही. झाली मीटिंग!

मीटिंग म्हणजे काय, तर चार माणसं, ज्यांच्यातला शेवटचा नांगर धरलेला माणूस एकोणीसशे अडुसष्टला गिरणीत लागला, ती ठरवणार ट्रॅक्टर कुठला. आणि चिखलात उतरणार कोण? मी!

तात्या आले भायखळ्याहून, मार्केटमधली भाजी घेऊन, आणि बसता बसता म्हणतात, ''घ्यायचा तर मोठा घ्या रे, पंचेचाळीस हॉर्सपॉवर, लोकांना कळलं पाहिजे कोणाचा आहे.'' अहो तात्या, आपली शेतं म्हणजे कुणगे, डोंगराच्या पायऱ्या! तुमचा पंचेचाळीसवाला पहिल्या कुणग्यात शिरला की त्याचं नाक दुसऱ्यात बाहेर येईल! आत्या म्हणाली, ''रंग लाल नको हां, लाल लवकर विटतो.'' आत्या, साडी घेतोय का आपण? बाबा काहीच बोलले नाहीत. बाबांना तोंड उघडायला अण्णांची परवानगी लागते, ती अजून आलेली नाही.

मी मोबाईल काढला. कणकवलीच्या शोरूममधली पूर्वी म्हणून मुलगी आहे, तिने माहितीपत्रक पाठवलेलं. चोवीस हॉर्सपॉवर, चारही चाकांना ताकद, म्हणजे चिखलात रुतणार नाही, मागे माती घुसळायला रोटाव्हेटर, रुंदी तीन फूट अकरा इंच. एकदम बरोबर! अण्णांनी चष्मा लावला, चष्मा काढला, आणि म्हणाले, ''ह्यो पाणंदीत अडाकतलो.''

पाणंद म्हणजे शेतात जायची वाट, दोन्ही बाजूंना दगडाचे गडगे. मी म्हटलं, अण्णा, तुम्ही मोजलीय? ''मोजूक कित्या होयी? आपल्या गॅलरीएवढी असा. वडाकडच्या वळणार चार बोटा कमी.'' चार बोटं! तुम्ही सांगा, कोणत्या इंजिनिअरिंगच्या पुस्तकात बोटं आहेत? मी म्हटलं, गॅलरी चार फूट आहे, तुमचं गणित असं तर दाखवा करून. हे बोललो ना... तीच चूक. पण चिडवलं कोणी? अण्णांनी! मग चूक कोणाची?

काढला आमचा लोखंडी पलंग गॅलरीत! पलंग तीन फुटी, म्हणून दोन्ही बाजूंना उशा बांधल्या साडीने, टेप लावून, तीन फूट अकरा इंच. पुढे मी आणि बाबा, मागे तात्या आणि आत्या, आणि अण्णा सगळ्यात पुढे लुंगी वर खोचून उलटे चालतायत, ट्रॅफिक पोलिसासारखे. ''येवंदे... येवंदे... डावीकडे घे रे!'' आणि तात्या, शपथ घेऊन सांगतो, तोंडाने आवाज काढत होते. डर्रर्र! कोणी सांगितलं नव्हतं! शेजारची संघमित्रा बादली घेऊन बाहेर आली, वकिलीला आहे ती, तिने शांतपणे बघितलं. ''काय आहे हे, वैभव?'' ''ट्रॅक्टर.'' ''बरं,'' म्हणाली, ''मग हॉर्न दे ना, मला पाणी भरायचंय.''

आणि जिन्याजवळच्या कोपऱ्यावर पलंग अडकला. असा अडकला की पुढे नाही, मागे नाही, वर नाही. वीस मिनिटं! अख्ख्या माळ्याचा संडास पलीकडे! लोक रांगेत उभे, आणि ज्याला जास्त घाई तो जास्त सल्ले देतोय. अण्णा पलंगावर टेकून म्हणतात, ''बघितलंस? ह्यो वडाकडचो कोपरो.''

मी भडकलो. म्हटलं, ही गॅलरी आहे, पाणंद नाही! मी गावाला जातो, मोजून आणतो, आणि जास्त निघाली तर तुम्ही गुपचूप सही करायची. ''आणि कमी निघाली तर?'' ''तर तुम्ही सांगाल ते!'' गेलो. रात्रभर एसटी, सकाळी हातात टेप, काट्यांत शिरलो, पाय सोलवटले, कारण चिखलात, काट्यात, कुठेही उतरणार कोण? मी! वडाच्या वळणावर टेप लावली.

तीन फूट नऊ इंच.

पुन्हा लावली. तीन फूट नऊ इंच. गडग्याला हात लावायचा नाही, गडगा दुसऱ्याचा, दगड हलला तर कोर्ट. मी तिथेच बसलो. चार बोटं कमी, हो! पंचावन्न वर्षांपूर्वी सोडलेली वाट, वर्षातून एकदा गणपतीत ह्या वाटेने जाणार, आणि माणूस लालबागला बसून चार बोटं सांगतो! बाबांना फोन केला, तर बाबा पहिल्यांदा बोलले. म्हणाले, ''अरे, तो गिरणीच्या साळखात्यात चौदा वर्षं दोन मागांच्या मधल्या बोळातून धावलाय. तिथे अंग घासलं तर हात जायचा. तो कमरेने मोजतो.'' हे आधी सांगता येत नव्हतं?

परत आलो, सांगितलं. अण्णा हसले नाहीत, तेच जास्त लागलं. उलट मोबाईल मागितला, पूर्वीला व्हिडिओ कॉल लावला. ''गो बाय, तुझ्याकडचो सगळ्यात बारीक खयचो?'' तिने दाखवला, अठरा हॉर्सपॉवर, साडेतीन फूट. मी म्हटलं, ताकद कमी पडेल. ''कुणग्यात कोणाक खेचतलंस, रणगाडो?'' आणि ती पूर्वी, माझ्या बाजूची असायला हवी होती ना ती? म्हणते, ''काकांचं बरोबर आहे. त्या वाडीत हाच चालतो.'' आत्याने विचारलं, रंग? निळा. चारही सह्या पाच मिनिटांत! तात्यांनी तर सही करताना डर्रर्र केलं. मला खरंच... जाऊ दे. मी जूनमध्ये भात लावणार आहे, कळलं का तुम्हाला? मी!

आणि तेवढ्यात अण्णा पेन खाली ठेवून म्हणतात, ''तू म्हणालंस, मी सांगान ता. मी पण येतलंय. तू ट्रॅक्टर चालव. चिखलात मी उतरतलंय.'' काल त्यांनी बॅग भरली. उशी, रेडिओ, लुंग्या तीन.

तर हिशोब असा. ट्रॅक्टर मला पडला पाच वर्षांच्या हप्त्यांना आणि एका अण्णांना. हप्ते पाच वर्षांत संपतील. अण्णांना शुगर नाही, बीपी नाही.