मागच्या खोलीतला सर्व्हर

(फोनवर. आई शेजारच्या खोलीत.)

बाबा : बटण दाबून दाबून बोट दुखलं माझं. ढिम्म हलत नाही. काहीतरी कर बाई.

ताई : हळू, बाबा. काय झालं ते नीट सांगा.

बाबा : सकाळी वीज गेली. आली तेव्हा सगळं घर चालू झालं, मागच्या खोलीतलं आपल्या सोन्याचं सर्व्हरचं मशीन तेवढं गप्प. आवाज नाही म्हटल्यावर तुझ्या आईनं विचारलंच, "हा गेला कुठे?"

ताई : मग सांगा ना तिला! किती दिवस हे नाटक? सोन्या गेला, बाबा. माझा भाऊ गेला. आणि तुम्ही तिला सांगता, तो खोलीत काम करतोय.

बाबा : दोनदा सांगितलं. तिच्या डोक्यात काही टिकतं का आता? दोन्ही वेळा तिनं पहिल्यांदाच ऐकलं, ऊर फुटेस्तोवर रडली, आणि संध्याकाळी परत त्याचं ताट वाढलं. तिसऱ्यांदा पोरगा मारायचा कुणी? तू ये आणि सांग. माझ्याच्यानं नाही होत.

ताई : थांबा. बघते इथून.

बाबा : इतक्या लांबून काय बघणार? मशीन बंद आहे म्हणतोय ना!

ताई : असू दे बंद. त्याच्या पोटात एक छोटं कार्ड असतं. त्याची चिप वेगळी, इंटरनेटची वायर वेगळी. प्लग भिंतीत आहे ना, तेवढी वीज त्याला पुरते. मशीन झोपलं तरी ते जागं. सोन्यानंच शिकवलं मला... हं, दिलं उत्तर.

बाबा : दिलं? म्हणजे सगळं ठीक आहे?

ताई : कार्डानं दिलं, बाबा. मशीननं नाही. चालू करून बघते... नाही. चालू होतंय, पण पुढं काहीच नाही. डिस्क गेली.

बाबा : म्हणजे त्याचे फोटो, ती गाणी...

ताई : सगळंच. कार्डाला त्यातलं काही ठाऊक नसतं. आत किती तापलंय, पंखे किती फिरताहेत, एवढंच.

बाबा : पंखे फिरवायला मशीन शुद्धीवर लागतं का?

ताई : नाही. ते कार्डच बघतं.

बाबा : मग फिरव. मोठ्यानं फिरव. त्या घरघरीवरून उठता-बसता बोललो मी पोराला. "बंद कर ते धूड, कान किटले!" फिरव, पोरी.

ताई : बाबा, नुसते पंखे? आत काही नसताना?

बाबा : हो. नुसते पंखे.

ताई : केले.

बाबा : लागले बघ! येतंय का ऐकू?

आई : अहो, बसला वाटतं हा कामाला. कुणाशी बोलताय?

बाबा : ताई आहे.

आई : मग त्याला द्या की फोन! किती दिवसांत बोलली नाहीत भावंडं.

बाबा : ताई... काय सांगू गं हिला?

ताई : द्या, बाबा. त्याच्या टेबलावर ठेवा. मी बोलते त्याच्याशी.